पूड कुणाला द्यावी

जनावरांच्या एका वृद्ध वैद्याकडे एकदा एक शिष्य विद्या शिकत होता. त्याने अंड्यांची टरफले भाजून, कुटून, वस्त्रगाळ करून कुत्र्यांसाठी एक पूड सिद्ध केली. हाडे बळकट करणारी ती पूड पंचक्रोशीत गाजली आणि शिष्याची मान ताठ झाली. ती व्हावीच, कष्ट त्याचे होते.

एके दिवशी एक व्यापारी आपले थोराड जातीचे पिल्लू घेऊन आला. पिल्लू वासराएवढे, पण पुढचे पाय धनुष्यासारखे वाकलेले.

"वैद्यबुवा, याला काही कमी करत नाही हो! दूध, अंडी, मटण, आणि वर तुमच्या शिष्याची मूठभर पूड, दोन्ही वेळा. तरी पाय वाकडेच. आता अख्खी बरणी द्या."

शिष्याने कौतुकाने बरणी पुढे केली. व्यापारी ती उचलणार, तोच वैद्यांनी ती शिष्याच्या हातातून काढून घेतली आणि ओसरीवर बसलेल्या धनगरणीच्या ओटीत ठेवली. तिच्याजवळ एक हडकुळी कुत्री थरथरत्या पायांवर उभी होती.

"पिलं पाजतीया, बाबा," धनगरीण म्हणाली. "लांडगा हिंडतोय माळाला. ही बसली तर मेंढरं कुणाच्या भरवशावर सोडू? पर गुणाची हाय. भाकरी आन् ताक, बास. हाडूक कदी दावलं न्हाई. चटक लागून कोकरावर गेली म्हंजी?"

"आधी चिमूटभर आत्ता चाटव. मग रोज भाकरीत कालवून दे, पिल्ले दूध सोडेपर्यंत," वैद्य म्हणाले. व्यापाऱ्याकडे वळून ते एवढेच बोलले, "शेटजी, तुमच्या पिल्लाची पूड आजपासून बंद."

व्यापारी रागाने तरातरा निघून गेला. शिष्याचा चेहरा उतरला.

"बुवा, माझी पूड वाईट असेल तर हिला का दिलीत? चांगली असेल तर त्याला का नाही?"

"पूड उत्तम आहे," वैद्य म्हणाले. "पण दोन्ही कुत्र्यांचे तू पायच पाहिलेस, ताट पाहिले नाहीस. ही आई आपल्या अंगातले हाडांचे सत्त्व पिल्लांना पाजते आहे आणि चटकेच्या भीतीपायी तिच्या पोटात भाकरी-ताकाखेरीज काही जात नाही. तिची तूट तुझी पूड भरून काढील. त्या पिल्लाचे ताट आधीच भरलेले. वाढत्या हाडावर वरून आणखी ओतलेस, तर तेच हाड वाकते. अति तेथे माती, बाळा, मग ती कितीही गुणकारी वस्तू असो."

शिष्याने मान खाली घातली. त्याला फार लाज वाटली.

धनगरणीची कुत्री सावरली आणि पुन्हा कळपापुढे धावू लागली. पूड मिळेनाशी होताच व्यापाऱ्याच्या पिल्लाचे पायही हळूहळू सरळ होऊ लागले. पुढे एक गृहस्थ तुकतुकीत कांतीचा धष्टपुष्ट कुत्रा घेऊन आला आणि रुबाबात म्हणाला, "लोक देतात म्हणून म्हटलं आपणही द्यावी. सगळ्यात मोठी बरणी काढा."

"हा खातो काय?" शिष्याने विचारले.

गृहस्थाने सांगितले. शिष्याने कुत्र्याचे पाय दाबून पाहिले, दात पाहिले, पाठीवर प्रेमाने थाप मारली.

"याला काही कमी नाही. असाच सांभाळा. माझी पूड याला नको."

गृहस्थ रिकाम्या हाताने परतला. आत बसलेले वैद्य उठून ओसरीवर आले आणि तिथे जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हा माझा शिष्य!"