उलट बोलणारी तार

एकदा एका नगरात ध्वनीचे एक वृद्ध उपासक राहत असत. त्यांची उपासना गाण्याची नव्हती. यंत्रातून निघणारा आवाज निर्मळ कसा राखावा, ही विद्या त्यांनी आयुष्यभर जोपासली होती. त्यांच्या शिष्यांमध्ये विद्याधर आणि रेवती हे दोघे सर्वांत जाणते. पुढे दोघांनी लग्न केले आणि लोकांच्या घरी होम थिएटर बसवून देण्याचा व्यवसाय एकत्रच आरंभला. विद्याधराने नावाप्रमाणे विद्या धरली होती खरी, पण ती इतकी घट्ट धरली होती की दुसऱ्याकडून काही घ्यायला हात मोकळा उरला नव्हता.

त्या नगरातील हळदीच्या एका व्यापाऱ्याने आपल्या बंगल्यात चित्रपट पाहण्यासाठी प्रशस्त दालन बांधले. पडदा आणि त्याखालचे मुख्य यंत्र एका टोकाला, तर ॲम्प्लिफायर पार दुसऱ्या टोकाच्या कपाटात. दोहोंच्या मध्ये फरशीखालून लांबलचक केबल टाकायची होती. विद्याधराने बोटाएवढी जाड, सोनेरी टोकांची, पाहताच भारदस्त वाटेल अशी केबल निवडली. पण तिच्या पोटात आवाज वाहणारी तार एकच होती. फरशीखाली अंधार होता, म्हणून रेवती हातात बॅटरी धरून उजेड दाखवत होती. ती वाकून आत पाहत म्हणाली,

"अहो, ही नको. अंतर लांब आहे आणि शेजारूनच एसीची लाइन जाते. इथे दोन तारांची बॅलन्स्ड केबलच हवी. दोन्ही यंत्रांना तिची सोय आहे."

बोलणे अगदी बरोबर होते. पण शेठजी ऐकत होते, फर्निचरचे काम करणारे सुतार ऐकत होते, आणि तेच विद्याधराला झोंबले.

"उलट बोलू नकोस," तो म्हणाला. "बॅटरी धर नीट."

शेठजी हसले. मालक हसला म्हणून सुतारही हसले. रेवतीने बॅटरी नीट धरली.

त्या दिवसापासून ती त्याच्याशी उलट बोलली नाही. भांडली नाही, रुसलीही नाही. तो म्हणेल त्याला "हो" म्हणत राहिली. आमटीत मीठ जास्त झालंय का, असे त्याने विचारले तर "हो". नाही, बरोबरच आहे, असे म्हटले तरी "हो". सुरुवातीचे काही दिवस विद्याधराला हे चक्क बरे वाटले. पुढे सर्वांत अधिक लाज त्याला त्याच दिवसांची वाटली.

इकडे शेठजींच्या दालनात यंत्र सुरू केले की घरघर ऐकू येई. "अहो, पडद्यावर नायक अजून आलेला नसतो, आणि तुमच्या यंत्राला आधीच घरघर लागलेली असते," शेठजी म्हणाले. विद्याधराने विजेला नावे ठेवली, ॲम्प्लिफायरला नावे ठेवली, तो बदलूनही पाहिला. केबलला मात्र त्याने शब्दाने दुखावले नाही. तिचा दोष मान्य केला असता, तर रेवतीचे म्हणणे खरे ठरले असते. अखेर सगळे उपाय थकले, तेव्हा तो आपल्या वृद्ध गुरुजींना घेऊन आला.

गुरुजींनी फरशीखाली एकदाच डोकावून पाहिले, बॅलन्स्ड केबल मागवली आणि टाकायला लावली. घरघर नाहीशी झाली. पडद्यावरच्या माणसाचा श्वाससुद्धा वेगळा ऐकू येऊ लागला. शेठजींचा चेहरा खुलला.

"रेवती आज बरोबर आली नाही?" गुरुजींनी विचारले.

"घरी आहे."

"तिच्या लक्षात कसं आलं नाही हे?"

विद्याधराची मान खाली गेली. "आलं होतं. तिनं सांगितलंही होतं. मी म्हटलं, उलट बोलू नकोस."

"कुणादेखत?"

विद्याधराने शेठजींकडे पाहिले. शेठजी उगाच कपाटाचे दार न्याहाळू लागले.

"आणि आता?"

"आता ती उलट बोलत नाही, गुरुजी."

गुरुजींनी यंत्र बंद केले, नव्या केबलचे टोक उघडले आणि आतली एक तार कात्रीने कापून टाकली. शेठजी दचकून पुढे आले. म्हातारपणी भ्रम झाला की काय, असेच त्यांना वाटले असावे. गुरुजींनी यंत्र पुन्हा सुरू केले. आवाज आला, पण निम्माच आला, आणि त्याच्यामागून घरघरही परतली.

"हिच्या पोटात दोन तारा असतात," गुरुजी म्हणाले. "एक आवाज सुलटा नेते, दुसरी तोच आवाज उलटा नेते. वाटेत विजेची घरघर चिकटते ती दोघींना सारखीच. पलीकडे ॲम्प्लिफायर दुसरीचं म्हणणं सुलटं करून पहिलीच्या म्हणण्यात मिळवतो. मग बोलणं दुणावतं, आणि दुसरीची घरघर उलटी होऊन पहिलीच्या घरघरीत विरून जाते. मी आत्ता कापली ती उलट बोलणारी तार. तिचं पहिलीशी वैर नव्हतं, विद्याधर. दोघी एकच गोष्ट सांगत होत्या."

त्यांनी पिशवी उचलली. "ही तार मी जोडणार नाही. जिनं ही केबल सांगितली होती, तिच्याकडूनच जोडून घे."

विद्याधर घरी गेला तेव्हा रेवती कणीक मळत होती. "माझं चुकलं," तो म्हणाला.

"हो."

"मला माफ कर."

"हो," ती म्हणाली आणि परातीला चिकटलेली कणीक सोडवू लागली.

त्या दोन होकारांनी त्याचे कान तापले. चारचौघांत केलेला अपमान स्वयंपाकघरात धुऊन निघत नाही, हे त्याला तिथे उभ्या उभ्या उमगले. क्षमा मागतानासुद्धा त्याने स्वतःची अब्रू झाकून ठेवली होती. त्याला आपलीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी तो रेवतीला घेऊन त्या दालनात गेला. शेठजी चहा घेत बसले होते, सुतार कपाटाला पॉलिश करत होते. रेवती तुटलेली तार जोडायला फरशीवर बसली. या वेळी बॅटरी विद्याधराच्या हातात होती.

"शेठजी," तो सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला, "त्या दिवशी हिचंच बरोबर होतं. तेव्हाही मला ते कळलं होतं. तुमच्यासमोर कमीपणा येईल म्हणून मी हिला गप्प केलं. मला त्याची फार लाज वाटते. सगळी चूक माझी आहे."

रेवतीने मान वर केली नाही.

"सगळी नाही," ती म्हणाली. "हसणारेही होते."

शेठजींनी कप खाली ठेवला. सुतारांचे हात थांबले. "खरं आहे, ताई," शेठजी हळूच म्हणाले.

विद्याधराच्या डोळ्यांत पाणी तरारले. किती दिवसांनी ती त्याच्याशी उलट बोलली होती. तो तिच्याकडेच पाहत राहिला आणि उजेड तारेवरून सरकून भलतीकडेच गेला.

"बॅटरी धरा नीट," रेवती म्हणाली.

विद्याधराने बॅटरी नीट धरली.