कोंडाईचा झुरका

फार फार पूर्वी, डोंगर आजच्यापेक्षा दाट होते आणि माणसे आजच्याइतकीच हट्टी होती, तेव्हा एका राज्यात येसबा नावाचा कारागीर राहत असे. तो लाकडाच्या चिलमी करायचा. तंबाखू ओढणे चांगले की वाईट, हा वाद तुम्ही गोष्ट संपल्यावर घरी घाला. ओढू नये, असेच माझे मत. पण त्या काळी पाहुण्यापुढे पाण्याच्या तांब्यानंतर चिलीम यायची आणि दोघांनी एकच चिलीम ओढली, की त्यांचे भांडण मिटले असे समजायचे. त्यामुळे चिलीम करणाऱ्याला गावात मान होता.

येसबाचा कारखाना म्हणजे त्याच्या घराची पडवी. गावामागच्या टेकडीवर धावड्याची झाडे होती. वाळून पडलेल्या झाडाचा बुंधा खणला, की मुळाशी लाकडाच्या चिवट गाठी मिळत. आच लागली तरी त्या तडकत नसत. येसबा त्या गाठी सावलीत वाळत ठेवी. मग पटाशीने कोरून वर तंबाखूची वाटी करी, खाली नळी काढी आणि सामत्याने तिला आरपार भोक पाडी. वाटी आतून निखाऱ्याने जाळून घेई. शेवटी त्याची बायको सारजा जवसाचे तेल चोळून चोळून लाकडाचा रंग वर आणी.

शेजारी कोंडाई नावाची एक म्हातारी राहायची. तिला मागेपुढे कोणी नव्हते आणि दम्याने ती पार खंगली होती. रोज दुपारी ती काठी टेकत यायची आणि पडवीच्या खांबाला पाठ लावून बसायची. सारजा तिला भाकरी द्यायची. नवी चिलीम तयार झाली, की येसबा तीत चिमूटभर तंबाखू घालून पहिला झुरका तिला द्यायचा.

चिलीम चांगली ओढली गेली तर कोंडाई काही बोलत नसे. नाही ओढली गेली तर मात्र कुरकुर सुरू.

"येत न्हाई रं, येसबा. नुसतं गाल दुखत्यात."

"तुला छातीच न्हाई तर ईल कसा धूर?" असे म्हणून येसबा चिडायचा. पण तिचे तोंड बंद व्हावे म्हणून तार तापवायचा, ती नळीतून फिरवायचा आणि चिलीम परत तिच्या हातात द्यायचा. "घे, आतातरी गप वढ."

गावात मात्र तो सांगायचा, "म्हातारीला मीच पोसतो." लोक म्हणायचे, केवढे मोठे मन! हे ऐकायला येसबाला फार आवडायचे. कोणाला आवडत नाही?

हळूहळू येसबाच्या चिलमींचे नाव झाले. लांबलांबून गिऱ्हाईक येऊ लागले. एके दिवशी एक श्रीमंत सरदार घोड्यावरून आला. त्याने दुरूनच एक चिलीम पसंत केली. नेमकी तीच चिलीम त्या वेळी कोंडाईच्या तोंडात होती.

"ही चिलीम मला विकणार?" सरदाराने नाक मुरडले. "त्या म्हातारीची उष्टी?"

सरदार आला तसा निघून गेला. येसबाचा चेहरा पडला. त्याच संध्याकाळी तो कोंडाईला म्हणाला, "म्हातारे, उद्यापासनं पडवीत येऊ नगंस. गिऱ्हाईक तुटतंय. तुझी भाकरी सारजा घरी आणून दील."

कोंडाईने काठी उचलली. मग म्हणाली, "भाकरीसाठी येत व्हते व्हय रं मी? चार माणसांत बसावं म्हून येत व्हते." दुसऱ्या दिवशी ती गाठोडे घेऊन ओढ्यापलीकडच्या वाडीत आपल्या भाचीकडे निघून गेली. सारजाने नवऱ्याकडे रागाने पाहिले, पण येसबा पटाशीला धार लावत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

आता कुरकुर करणारे कोणी उरले नाही. येसबाचा हात मोकळा झाला. तो नळीला डौलदार बाक देऊ लागला, तिच्यावर वेली कोरू लागला. वाकड्या नळीत एका बाजूने भोक पाडता येत नाही, म्हणून तो दोन्ही टोकांकडून सामता चालवायचा. दोन्ही भोके आत कुठेतरी एकमेकांना भेटली, की काम झाले. मग तो स्वतःच झुरका मारून बघायचा. धूर भसकन यायचा. येसबाची छाती म्हणजे लोहाराचा भाता! गिऱ्हाईकही तसेच, सगळे नांगर धरणारे आणि घोडी पळवणारे. कोणाची तक्रार आली नाही.

अशात एक दिवस दवंडी पिटली गेली. गावामागची टेकडी राजाच्या शिकारीसाठी राखायची ठरली होती. टेकडीला कुंपण पडणार, कोणी तिकडे पाऊल टाकायचे नाही.

गावाच्या तोंडचे पाणी पळाले. गावाची शेरडे त्याच टेकडीवर चरत आणि चुलीतले सरपण तिथूनच येई. आणि धावड्याच्या गाठी बंद झाल्या तर येसबाच्या पडवीला कुलूपच! सगळ्यांच्या वतीने येसबा राजापुढे जाऊन उभा राहिला आणि टेकडी गावाकडे राहू द्यावी म्हणून त्याने हात जोडले.

राजा वाईट नव्हता. त्याने येसबाचे नाव ऐकले होते. तो म्हणाला, "आमचे वडील, थोरले महाराज, फार थकले आहेत. त्यांना चिलमीचा एवढा एकच शौक उरला आहे. पण त्यांची छाती चालत नाही. चाकर ओढून चिलीम पेटती ठेवतो, तेव्हा कुठे ते एखादा झुरका घेतात. त्याची त्यांना लाज वाटते. त्यांना आपली आपण ओढता येईल अशी चिलीम तू करून आण. टेकडी तुमच्याकडे राहील. नाही जमले, तर कुंपण घालणार."

येसबा घरी आला आणि त्याने जीव ओतून चिलीम केली. नळीला मोराच्या मानेसारखा बाक दिला. वेलीवर फुले कोरली. सारजाने तेल चोळून तिला असे रूप आणले, की दरबारातल्या लोकांनी तोंडात बोटे घातली.

थोरल्या महाराजांनी चिलीम ओठांना लावली. त्यांनी ओढले. पुन्हा ओढले. त्यांचे गाल आत गेले, चेहरा लाल झाला आणि खोकल्याची उबळ आली. वाटीतला निखारा विझून गेला. त्यांनी चिलीम खाली ठेवली आणि तोंड भिंतीकडे फिरवले.

राजाने जड आवाजात सांगितले, "पौर्णिमेपर्यंत वाट पाहतो. त्यानंतर कुंपणाचे काम सुरू होईल."

घरी येऊन येसबाने तीच चिलीम पेटवली. धूर भसकन आला! त्याने शेजाऱ्यांना बोलावले. ज्याने ओढली त्याला धूर आला.

"चिलमीत खोट न्हाई," येसबा कपाळाला हात लावून म्हणाला. "खोट थोरल्या महाराजांच्या छातीत हाय. त्याला मी काय करू?"

सारजा चुलीपुढे बसली होती. ती म्हणाली, "आवं, पण कोंडाईची छाती तरी कुठं धड व्हती? तिला तर तुमची परतेक चिलीम वढता येत व्हती."

"तिला कुठं येत व्हती? सारखी कुरकुर तर करायची!"

"व्हय. आन् ती कुरकुर थांबंस्तवर तुम्ही तार फिरवायचा."

येसबाने पटाशी उचलली. त्याने चिलीम उभी चिरली. आत पाहतो तो काय! दोन टोकांकडून आलेली भोके एकमेकांना नीट भेटलीच नव्हती. मध्ये लाकडाचा उंबरठा राहिला होता. धडधाकट माणसाचा श्वास तो ओलांडून जायचा, दुबळ्याचा अलीकडेच अडायचा. कोंडाईच्या कुरकुरीपायी आपण तार फिरवून आतले भोक मोकळे करत होतो, म्हणूनच पूर्वीच्या चिलमी चांगल्या निघत होत्या, हे येसबाला इतक्या वर्षांनी कळले.

तो तडक ओढ्यापलीकडच्या वाडीत गेला. कोंडाई भाचीच्या अंगणात शेंगा फोडत होती.

"कोंडाई, चुकलो मी," येसबा म्हणाला. "घरी चल."

कोंडाईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "तंबाखू आणलीस का?"

"आणलीय."

"मग आधी ती दे. माफीचं मागनं बघू."

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा खांबाला पाठ लावून बसू लागली. येसबाने नवी गाठ घेतली. वेल नाही, फुले नाहीत, मोराची मान नाही. साधी, सरळ, आखूड नळी. त्याने भोक पाडले आणि चिलीम पेटवून कोंडाईला दिली.

"येत न्हाई."

त्याने तार फिरवली.

"थोडं येतंय. गाल दुखत्यात."

पुन्हा तार. या खेपेला येसबा चिडला नाही, तर तिच्याकडे बघत राहिला. झुरका घेताना तिच्या बरगड्या वर यायच्या, मानेच्या शिरा ताणल्या जायच्या आणि मग बराच वेळ ती नुसती धापा टाकत बसायची. इतकी वर्षे ती आपल्यासमोर बसत होती आणि आपण हे कधी पाहिलेच नव्हते! हिच्याजवळ श्वास तो केवढासा, आणि त्यातलाही थोडा थोडा हिने आपल्या प्रत्येक चिलमीला दिला. येसबाचे डोळे भरून आले.

शेवटी एका दुपारी कोंडाईने चिलीम ओठांना लावली आणि अलगद धूर आला. ती काही बोलली नाही. डोळे मिटून स्वस्थ बसून राहिली. सारजाने पदराने डोळे पुसले आणि तेलाची वाटी पुढे ओढली.

पौर्णिमेला येसबा दरबारात गेला, तो कोंडाईला बैलगाडीत बसवूनच. चिलीम पुढे ठेवली तेव्हा एका मानकऱ्याने विचारले, "आजच्या चिलमीची खात्री आहे ना? ओढून कोणी पाहिली?"

खोटे बोलणे सोपे होते. "मीच पाहिली" एवढे म्हटले असते तर भागले असते. खरे सांगितले, तर थोरल्या महाराजांना एका गरीब म्हातारीची उष्टी चिलीम दिली म्हणून शिक्षाही झाली असती, टेकडीही गेली असती. पण येसबाने मागे उभ्या असलेल्या कोंडाईचा हात धरून तिला पुढे आणले.

"या कोंडाईनं, महाराज. एकदा न्हाई, लई वेळा. हिला धूर आला तवाच मी चिलीम तेल चोळाया सारजाच्या हाती दिली."

दरबारात कुजबुज उठली. "उष्टी! थोरल्या महाराजांना उष्टी!" राजाच्याही कपाळाला आठी पडली.

तेवढ्यात थोरले महाराज क्षीण आवाजात म्हणाले, "चाकर रोज ओढून माझ्या हातात देतो, ती काय सोवळी असते? आणा इकडे."

त्यांनी चिलीम ओठांना लावली आणि श्वास घेतला, लहान मूल झोपेत घेते तेवढाच. वाटीतला निखारा फुलला. त्यांच्या ओठांतून धुराची बारीक रेघ बाहेर आली. कोणाच्या मदतीशिवाय, आपली आपण! थोरले महाराज हसले आणि हसता हसता रडू लागले.

"बाई," ते कोंडाईला म्हणाले, "तुझा श्वास माझ्यासारखाच उणा, म्हणून ही माझ्यासाठी पुरी झाली. तुझे उपकार झाले."

"मी काय केलं, महाराज?" कोंडाई गोंधळून म्हणाली. "म्या बसून झुरकं मारलं. भाकरी येसबा देतो."

येसबा सगळ्यांसमोर तिच्या पाया पडला. "न्हाई गं आई. गावभर सांगत फिरलो, तुला मी पोसतो म्हून. माझ्या घरची चूल तुझ्या श्वासावर पेटत व्हती, ते मला दिसलंच न्हाई."

टेकडी गावाकडेच राहिली. त्या दिवसापासून येसबाच्या घरी पहिले ताट कोंडाईचे वाढले जाऊ लागले, आणि ती दया नव्हती, तिचा वाटा होता. एखादा सरदार आता नाक मुरडू लागला, तर येसबा हसून म्हणायचा, "मग दुसरीकडं बघा, सरकार. आमच्यात अशीच मिळते." बहुतेक सरदार मुकाट्याने तीच घेऊन जात.

बोध: ज्याला आपण पोसतो असे आपल्याला वाटते, पुष्कळदा तोच आपल्याला पोसत असतो; म्हणून देणाऱ्याने देताना आधी घेणाऱ्याचे उपकार मानावेत.