नावेत न झालेला नियम

एका मोठ्या तळ्याभोवती एक छोटासा देश वसला होता. तळ्याचे पाणी मातीच्या बांधाने अडवलेले होते आणि बांधाखाली साऱ्या देशाची भातशेती होती. देश छोटा, पण त्याची रीत मोठी गमतीची. नियम करायचा झाला, की गावोगावी निवडून दिलेले पंच एका भल्यामोठ्या नावेत बसत आणि नाव तळ्याच्या मध्यावर नेत. तिथे वाद घाला, भांडा, काय वाटेल ते करा. पण बहुमताने काहीतरी ठरल्याखेरीज नाव काठाला लावायची नाही. रुसून घरी निघून जायची सोयच नव्हती!

राज्यकारभार राणी हेमवती पाही. नावेत मात्र तिने पाय ठेवायचा नाही. नावेतून आलेला नियम पटला नाही, तर तिने तो एकदा कारण सांगून परत पाठवावा. पंचांनी फिरून तोच धाडला, तर मुकाट्याने अमलात आणावा. आणि काठावरच्या ओट्यावर न्यायाधीश सोमदेव बसत. कोणी नियम मोडला की नाही हे ते ठरवत, आणि नियमच रीत सोडून झाला असेल तर तो रद्दही करत. 

एका वर्षी पाऊस असा कोसळला, की बांध खचू लागला. माती कोणत्या गावाने द्यायची यावर पंच नावेत भांडत बसले. राणीने वाट पाहिली नाही. तिने पदर खोचला, दिसेल त्याला हाताशी धरले आणि सूर्य मावळायच्या आत बांध भरून काढला. मग काय विचारता! ढोल वाजले, गुलाल उधळला, लोकांनी राणीला खांद्यावर घेतले. इतकी झटपट काम करणारी राणी असताना ती रडतराऊ नाव हवी कशाला, असे कोणीतरी ओरडले. झाले, गर्दीने उत्साहाच्या भरात पंचांना काठाला बोलावून घेतले, नाव वर ओढली आणि पालथी घातली. पंच बिचारे शरमून बाजूला झाले. एकाने तर ओढायला हातही लावला. राणीने तेव्हाच नको म्हणायला हवे होते. पण कपाळाला गुलाल लागला, की नको म्हणणे फार जड जाते.

दुसऱ्याच दिवशी तिने दवंडी पिटवली. बांधाला जो कोणी हात लावील, त्याला घरादारासह देशाबाहेर घालवण्यात येईल. हेतू चांगला होता. माशांच्या गळासाठी गांडुळे हवीत म्हणून लोक बांध उकरत, ते तिला थांबवायचे होते. तिने कोणाला विचारले नाही, कोणी तिला विचारले नाही. सकाळी सुचलेला नियम दुपारी लागू! लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

थोड्याच दिवसांत कोतवाल गोंदाजीने ठकूबाई नावाच्या बाईला राणीपुढे आणले. तिचे शेत अगदी बांधाला लागून होते. खेकड्याने बांधाला बीळ पाडले, त्यातून पाणी शेतात येऊ लागले, म्हणून तिने चिखलाचा गोळा आत ठासला. नेमके तेच गोंदाजीने पाहिले. गोंदाजी कामाला इतका पक्का, की पुरावा हवा म्हणून त्याने तो गोळाही बाहेर काढून आणला होता. आणि तोही काठीने, आपला हात बांधाला लागू नये म्हणून!

ठकूबाईची पोरे तिच्या लुगड्याला धरून उभी होती. ती म्हणाली, “राणीसाहेब, भात बुडत हुतं म्हणून चिखल लावला. म्या बांध फोडला न्हाई, बुजवला.”

राणीला वाईट वाटले. पण सगळा देश बघत होता. पहिल्याच खेपेला माघार घेतली तर आपला शब्द कोण मानील, असे तिला वाटले. उद्या दुपारच्या आत ठकूबाईने देश सोडावा, असा हुकूम तिने दिला. तेव्हा सोमदेव उठले. हा नियम नावेत झालेला नाही, म्हणून तो नियमच नाही. या बाईला घालवता येणार नाही, असे त्यांनी साफ सांगितले. राणीचा पारा चढला. आजपासून निवाडाही आपणच देऊ, असे तिने जाहीर केले. सोमदेवांनी उपरणे झटकले आणि ते घरी गेले. या वेळी टाळ्या जरा कमी पडल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठकूबाई डोक्यावर बोचके घेऊन पोरांसह निघाली, तोच आरडाओरडा झाला. गोंदाजीने मोकळे केलेले ते बीळ रात्रीतून रुंदावले होते. आता पाण्याचा लोट भातात घुसत होता आणि बांधाची ढेकळे धडाधड सुटत होती. लोक फावडी घेऊन धावले, मातीच्या पाट्या भरल्या आणि बांधापाशी येऊन जागच्या जागी थबकले. हा म्हणे तू टाक, तो म्हणे तू टाक. माती कोणीच टाकीना!

राणी घोडा फेकत आली. माती टाका, असे तिने ओरडून सांगितले. तरी कोणी हलेना. शेवटी एक म्हातारा पुढे आला.

“हुकूमबी तुमचा, नियमबी तुमचा आन निवाडाबी तुमचाच. उद्या यातलं कोणतं खरं धराल, आमाला काय ठावं?”

उत्तर द्यायला वेळ नव्हता. राणीने घोड्यावरून उडी मारली आणि दोन्ही हात खांद्यापर्यंत त्या भगदाडात घातले. पाणी तिलाच ढकलू लागले. तेवढ्यात ठकूबाईने बोचके फेकून दिले आणि तीही बांधाला भिडली. तिला कसली भीती? देशाबाहेर तर घातलेच होते, आता आणखी कुठे घालणार! दोघींना चिखलात झुंजताना पाहून लोकांना राहवले नाही. पाट्या रित्या होऊ लागल्या, माती पडत राहिली, लोट आटला आणि एकदाचे भगदाड बुजले. 

लोक नाचणार, इतक्यात गोंदाजी दोरी घेऊन पुढे आला.

“राणीसाहेब, आपण बांधाला हात लावला. आपल्याला धरणं भाग आहे. पण धरून उभं कुणापुढं करू? निवाडाही आपणच देता.”

काही जण हसले. राणी हसली नाही. स्वतःला माफ करायला तिला एक शब्द पुरला असता आणि कोणी अडवलेही नसते. पण समोर ठकूबाईचे बोचके चिखलात लोळत होते. आपल्याला माफी आणि तिला वनवास, हे कोणत्या तोंडाने सांगायचे? आणि दोघींना माफ केले, तरी उद्या आपली मर्जी फिरली तर या बाईने कोणाकडे जायचे? राणीला स्वतःचीच भीती वाटली.

“सोमदेवांना ओट्यावर बोलवा,” ती म्हणाली. “मला त्यांच्यापुढे उभी करा.”

सोमदेव आले. त्यांच्यापुढे राणी आणि ठकूबाई शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, दोघीही चिखलाने माखलेल्या. सोमदेवांनी आदल्या दिवशीचाच निवाडा पुन्हा दिला. नियम नावेत झाला नाही, म्हणून तो नियमच नाही. दोघींनी आपापल्या घरी जावे. काल ज्या शब्दांनी राणीचा पारा चढला होता, त्याच शब्दांनी आज तिला वाचवले. तिच्या डोळ्यांत पाणी आले.

लोकांनी पालथी नाव सुलटी केली. खांदा लावायला सगळ्यात आधी राणीच होती. पंच चढले, नाव तळ्यात गेली आणि बांधाच्या नियमावरून अशी काही जुंपली, की काठापर्यंत आवाज येऊ लागला. राणी काठावर येरझाऱ्या घालत राहिली. ऊन कलले तरी नाव परतेना.

ठकूबाई जवळ येऊन म्हणाली, “राणीसाहेब, लई येळ लावत्यात न्हाई?”

“लावू देत,” राणी म्हणाली. “मी एवढा वेळ लावला असता, तर तुझं भात आज उभं असतं.”

तात्पर्य: नियम करणे, तो राबवणे आणि त्यावर निवाडा देणे ही तीन कामे एकाच हाती देऊ नयेत, मग तो हात कितीही भल्या माणसाचा असो. सत्ता वाटून दिली की काम थोडे सावकाश होते. पण चूक अडवणारे कोणीतरी असते, आणि त्यात प्रजेचे जितके रक्षण असते तितकेच राज्यकर्त्याचेही.