कोंडाच्या हातचं काही

“...आणि अख्ख्या घरात तिच्या हातचं एकसुद्धा काही सापडू नये? असं कसं होईल, बाबा?”

लालशा फकीर चुलीत काटकी सारत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

“नीट शोधलंस?”

“भिंत न् भिंत शोधली.”

“मग?”

“सगळीकडं माझाच हात.”

फकिरानं दुसरी काटकी मोडली. चुलीत सारली.

हैबती पहिल्यांदाच ही टेकडी चढून आला होता. गावच्या बाया दर गुरुवारी पिराला यायच्या, ऊद लावायच्या, फकिराच्या खोपटासमोर घटकाभर टेकायच्या. हैबती कधी आला नाही. ज्याच्या हातात थापी आहे त्यानं हात जोडायला कशाला जावं, असं म्हणणारा माणूस तो.

जन्मभर एसटीत कंडक्टर. पण सुट्टीचा वार आला की बायको कोंडाला, पोरांना, घरादाराला कामाला जुंपायचा. गवंडी नाही, सुतार नाही, माळी नाही. पायाच्या दगडापासून परसातल्या अळवापर्यंत सगळं घरच्यांनी केलं.

खरं सांगायचं तर सगळं घरच्यांनी केलं, आणि मग सगळं हैबतीनं पुन्हा केलं.

“घराला बाहेरचा हात लागू दिला नाही, बाबा.”

“आतला?”

हैबतीनं पायापुढची माती तळव्यानं सपाट केली.

“काय काय केलंस, सांग तरी.”

हे विचारल्यावर मात्र तो खुलला. विचारणाराच कोणी भेटत नव्हता इतक्या दिवसांत.

“दारापुढचा ओटा घ्या. कोंडानं आन् पोरीनं मिळून लिंपला होता. एका अंगाला दोन बोटं उतार! दोघी बाजारला गेल्या तेवढ्यात उकरून नवा घातला.”

“कोंडा काय म्हणाली?”

“काय म्हणणार? ‘राहू द्या की वो,’ म्हणाली. तिचं आपलं कायम तेच. चूल घातली, तिन्ही खूर तीन तऱ्हेचे. मी विटांची बांधली, बाटलीत पाणी घालून पातळी लावली. बुडबुडा हलत नव्हता.”

“भाकरी फुगायची?”

“...धूर कोंडायचा थोडा.”

“किती वर्षं?”

“गॅस येईस्तोवर.”

फकिरानं चुलीतला धूर हातानं बाजूला सारला.

“पोराचं सांग.”

“सोपान. बारा वर्षांचा असताना कोंबड्यांचं खुराडं केलं त्यानं. दार असं, की मांजरानं डोकं घालून विचारावं, आत येऊ का! मी नवं केलं. चौकट काटकोनात.”

“कोंबड्या आत गेल्या?”

“गेल्या.”

“पोरगा?”

हैबतीनं जमिनीवरचा खडा उचलला. पुन्हा ठेवला.

“तो इचलकरंजीत असतो. भिंतीत खिळा ठोकायचा तरी माणूस बोलावतो.”

खाली गावात कुणाचा तरी रेडा रेकला. उन्हानं टेकडी पांढरी पडली होती. फकीर उठला, पितळीत गुळाचा चहा ओतून त्यानं हैबतीपुढं सरकवला.

“आज का आलास?”

हैबतीनं चहाला हात लावला नाही.

कोंडा जाऊन सहा महिने झाले होते. मार्गशीर्षात ताप आला, चार दिवस अंगावर काढला, पाचव्या दिवशी संपली. तेव्हा हैबती रडला नाही. तेराव्याच्या मांडवाचा एक खांब कलला होता, तो सरळ करत बसला. लोक म्हणाले, काळीज दगडाचं आहे. दगडाचं नव्हतं. हाताला दुसरं काही करताच येत नव्हतं, एवढंच.

मग अखितीला लेक आली, आईच्या नावानं पाणी सोडायला. सुंदरा तिचं नाव. जेवणं झाली, आणि जाताना ती दारात थांबली.

“आबा, आईच्या हातचं काहीतरी द्या. घरी नेते.”

“लुगडी हायत की. पाटल्या हायत.”

“तिनं नेसलेलं नको. तिनं केलेलं द्या.”

हैबती उठला. ओट्यापाशी गेला. परत आला. परसात गेला. कोंडानं अबोली लावली होती विहिरीच्या वाटेनं, वाट जाईल तशी, वाकडीतिकडी. ती त्यानं उपटून दोरी धरून एका रांगेत लावली होती. सगळी मेली. रांग मात्र अजून दिसत होती.

दोडक्याचा मांडव पाहिला. माजघराची भिंत पाहिली. फडताळाच्या फळ्या पाहिल्या. लेक दारात पिशवी धरून उभीच.

“काय सापडतंय का, आबा?”

“थांब जरा.”

“मी थांबते. मला माहीत आहे काय सापडणार ते.” मग तिनं चप्पल घातली. “आईच्या हातचं काही सापडलं तर कळवा. त्या दिवशी येईन. नाहीतर या घरात काय, तुम्हीच राहता. पहिल्यापासून.”

त्याला आता पंधरा दिवस झाले होते.

हे सगळं हैबतीनं फकिराला सांगितलं. सांगताना आवाज सरळ ठेवला. शेवटी म्हणाला, “एक वीतभर. एवढं मिळालं तरी पोरीला बोलावीन, बाबा. मला ओळखू येईल. तिच्या हाताची खूण वेगळी होती.”

“कशी?”

“उजव्या हाताचं मधलं बोट पेरभर तोकडं. लिंपताना हात फिरवला की चार बोटांच्या चार कोरी उठतात भिंतीवर, चंद्रासारख्या. तिच्या कोरींत एक अर्ध्यावरच तुटायची. घाण दिसायचं. मी पुसून घ्यायचो.”

“बोट कशानं गेलं?”

“खुराड्याचा पत्रा कापत होतो. तिनं सरळ धरला नाही.”

“कापत कोण होतं?”

हैबतीनं चहा उचलला. निवला होता. तसाच प्यायला.

फकिरानं रिकामी पितळी उचलून बाजूला ठेवली. म्हणाला, “बस इथं. खालच्या झऱ्यावरून पाणी घेऊन येतो. मग बोलू.”

“मी आणतो की, बाबा.”

“तू बस. नुसता बस. हात मांडीवर ठेव.”

हैबतीनं हात मांडीवर ठेवले. आणि बसल्या बसल्या त्याची नजर खोपटात गेली.

आत अंधार होता. मागच्या भिंतीशी पाण्याचा रांजण. भिंत मातीची, हातानं लिंपलेली, जागोजाग फुगलेली.

“बाबा, मागची भिंत पोटात आलीय.”

“राहू दे.”

“पावसाळ्यात बसंल ती.”

“चार दिवसांनी उरूस आहे. बाया येतात लिंपायला. एका घरची एक भिंत, अशी रीत आहे इथली. माती बाहेर भिजवून ठेवलीय.”

हैबती हसला. सहा महिन्यांत पहिल्यांदा हसला असेल. “बायांचं लिंपणं! वर्षाला एक थर चढवायचा, खालचा तसाच. म्हणून तर पोटात येते.” त्यानं खिशात हात घातला आणि भिंतीचा सरळपणा बघायचा, दोरीला बांधलेला ओळंबा काढला.

फकिरानं त्याकडं पाहिलं. “लोक टेकडीवर नारळ आणतात.”

“सवय हाय. कायम खिशात असतो.”

“राहू दे, हैबती,” फकीर म्हणाला, घागर उचलली, आणि उतरू लागला.

हैबती बसला. हात मांडीवर. घागर वाटेच्या वळणाआड गेली.

आता दोष कुणाला द्यायचा? एवढी वर्षं ज्या हातांना राहू दे म्हटलेलं कळलं नाही, त्यांना टेकडीवर येऊन काय कळणार? शिवाय त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. फकिराचं खोपट, आपण रिकामे, माती तयार. सेवाच की ती! कोंडाच्या नावानं होईल, असंसुद्धा त्याच्या मनात येऊन गेलं.

दाराशी कोनाड्यात थापी होती. शेजारीच वासा पडला होता.

आधी त्यानं ओळंबा सोडला. दोरी भिंतीपासून कुठं चार बोटं, कुठं दोन. मग वरचा सगळा थर थापीनं तासून काढला. पोपडे खाली पडले, जुने, धुरानं काळवंडलेले. ते त्यानं पायानं बाजूला सारले. भिंतीवर पाणी मारलं. बाहेरची माती चांगली होती, शेण आणि भुसा घालून बायांनी पायानं तुडवलेली, चार दिवस मुरलेली. ती तो गोळ्यागोळ्यानं मारत गेला, थापीनं ओढत गेला, वाश्यानं घोटत गेला.

त्यानं भिंत पाहिली नाही. दोरी पाहिली.

आणि खरं सांगते, त्या घटकेला त्याच्याइतका सुखी माणूस पंचक्रोशीत नव्हता. घाम गळत होता. लेक विसरली, अखिती विसरली. हाताखाली भिंत सपाट होत गेली, तसं आतलंही कुठंतरी सपाट होत गेलं. वाटलं, हेच मागायला आलो होतो वाटतं. मिळालं.

सगळी झाली. राहिली रांजणामागची वीतभर.

त्यानं रांजणाला मिठी घातली आणि तो बाजूला ओढला. दारातली उन्हाची तिरीप थेट कोपऱ्यात पडली.

तिथं जुनं लिंपण होतं. धूर लागला नव्हता तिथं, माती पिवळी, स्वच्छ. त्यावर हात फिरवलेला. चार बोटांच्या चार कोरी, चंद्रासारख्या. वरच्या अंगानं त्या त्याच्या ओल्या गिलाव्यापाशी संपल्या होत्या. खाली तेवढ्या राहिल्या होत्या, अर्ध्यामुर्ध्या.

एक कोर मध्येच तुटली होती.

हैबती वाकला. पाहिलं. त्यानं आपलं मधलं बोट त्या कोरीवर ठेवलं. पेरभर जास्त झालं.

बाहेर घागर टेकल्याचा आवाज आला. फकीर दारात उभा राहिला, उपरण्यानं तोंड पुसलं. भिंत पाहिली. रांजण पाहिला.

“ही भिंत...” हैबतीनं बोट तिथून काढलं नाही. “ही भिंत कुणाची होती?”

“कोंडाची.”

“कधीपासून?”

“चोवीस उरूस झाले. मागची भिंत तिची. दुसऱ्या बाईला हात लावू द्यायची नाही. दिवसभर एकटी लिंपायची, गाणी म्हणायची.”

“गाणी?”

“तुला ठाऊक नाही?”

हैबतीनं मान हलवली. घरात त्यानं कधी ऐकली नव्हती.

“मला म्हणायची, ऊद लावून येते... एका शब्दानं बोलली नाही मला. चोवीस वर्षं!”

“तुला सांगितलं असतं,” फकीर म्हणाला, “तर तू आला असतास.”

हैबती खाली बसला. पायाशी पोपड्यांचा ढीग होता. त्यानं तो उपसायला सुरुवात केली. एक तुकडा उचलला, उन्हात धरला. दुसरा उचलला. पायाखाली चुरा झालेला, वर पाणी सांडून चिखल झालेला. एकावर कोरीचा वीतभर नाही, बोटभर नाही, नखाएवढा भाग असेल नसेल. हातात घेतला तो बोटांतच विरघळला.

“तुम्ही मला बोलला का नाही, बाबा?” तो ओरडला. “एवढं बघत होता, माझ्या तोंडून सगळं ऐकलं, मग बोलला का नाही?”

“बोललो की.”

“कधी?”

फकिरानं घागर आत आणून ठेवली.

हैबती उठला. भिंतीपाशी गेला. आत काही उरलेलं नाही हे त्याला ठाऊक होतं. त्यानंच तासलं होतं, त्याच्याच हातानं. तरी त्यानं ओल्या गिलाव्यात नखं घातली. ओंजळभर काढला. आत नुसती खडबडीत माती, थापीच्या रेघांची. आणखी काढला. सरळ, सपाट, ओळंब्यात बसलेली ती भिंत तो दोन्ही हातांनी ओरबाडत सुटला, वरून खाली, खाली, कोपऱ्यापर्यंत. ओल धरलेली जुनी माती फुगली होती. तिला एक चीर गेली. चीर त्या अर्ध्या चंद्राकडं निघाली.

हैबती थांबला. मग पटकन चिखलाचा गोळा उचलला. चीर बुजवायला, कडा दाबायला, जे उरलंय ते तरी नीट करायला. त्याचा हात भिंतीकडं गेला.

फकीर येऊन शेजारी बसला. त्यानं तो चिखलाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, अलगद, आणि हैबतीच्या मांडीवर आणून ठेवला.

“राहू दे.”