झिजलेली खीळ

फार वर्षांपूर्वी, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात लाडू गवसाकडे एक एकनळी बंदूक होती. सांध्यात वाकवून उघडायची, एक काडतूस घालायचं, मिटायची, की तयार. बाजारातली सगळ्यांत स्वस्त. पण रानडुकरांपासून त्याचं भात इतकी वर्षं तिनंच राखलं होतं. "स्वस्तातली, पण कधी दगा दिला नाही," असं लाडू चारचौघांत सांगे आणि बंदूक मनातून फुलून जाई.

एके दिवशी तिच्या सांध्यातली खीळ म्हणाली, "बाई, मी झिजलेय. नळीपाशी फट पडलीय. उघडताना जरा अडून बस, म्हणजे धनी आपल्याला लोहाराकडे नेईल."

"अडले तर माझं नाव जाईल," बंदूक म्हणाली आणि गुमान उघडत-मिटत राहिली.

त्याच आठवड्यात भातात डुक्कर शिरलं. लाडूनं बार काढला. फटीतून जाळाचा लोट उलटा आला आणि त्याचा उजवा डोळा कायमचा गेला.

त्याची बायको चंद्रभागा रडत बंदूक विहिरीत टाकायला निघाली. लाडूनं तिला अडवलं.

"तिला कशाला दोष देतेस? बोलता आलं असतं, तर तिनं आधीच सांगितलं असतं मला."

बंदुकीला वाटलं, यापेक्षा विहीर बरी होती.