लाल्या आणि भिंत

भोवरे बोलत असत, तेव्हाची गोष्ट. लाल्या नावाच्या कोऱ्या भोवऱ्याला पडायची भारी धास्ती. दोरी सुटली की आधारासाठी तो भिंतीकडं धावायचा, तिच्यावर आपटायचा आणि आडवा व्हायचा.

“आजोबा, ही जमीन मलाच ओढते,” तो टवके उडालेल्या म्हाताऱ्या भोवऱ्यापाशी कुरकुरला.

“सगळ्यांनाच ओढते, बाळा. पण गरगर फिरणाऱ्याला ती लगेच पाडू शकत नाही. तुझं फिरणं हाच तुझा आधार, आणि भिंत नेमकं तेच थांबवते.”

या खेपेला लाल्या भिंतीकडं फिरकलाच नाही. अंगणाच्या मधोमध लोखंडी आरेवर ताठ उभा राहून तो गुणगुणला, मग डुलू लागला आणि शेवटी कलंडला.

“पडलास की,” आजोबा म्हणाले.

“पडणारच,” लाल्या हसला. “दोरी कुठाय?”