पवनराजाचं शिंगरू

राजा वीरभानाने दरीतल्या गावात दवंडी पिटवली की यंदाही आपला लाडका घोडा पवनराज गावावर उपकार करायला येतो आहे. प्रत्येकाने आपली घोडी त्याला दाखवावी. जिला वर्षाच्या आत शिंगरू होणार नाही, ती घोडी वांझ समजून सरकारी पागेत जमा होईल. दरीत जन्मणारं प्रत्येक शिंगरू पवनराजाचंच आहे, आणि जो याबद्दल शंका घेईल त्याने राजाचा अपमान केला असं धरलं जाईल.

दरीतल्या लोकांनी रान तोडून नुकती कुठे शेती धरली होती. ओझी वाहायला त्यांच्याकडे घोड्याच तेवढ्या होत्या. पवनराजाच्या मानाला धक्का नको म्हणून गावातले बाकीचे घोडे राजाने कधीच सीमेपार हाकलले होते. आणि पवनराज? त्याला तीन दात उरले होते आणि उभ्याउभ्या झोप लागायची. गेली दोन वर्षं गावात एकही शिंगरू जन्मलं नव्हतं. लोक दरवर्षी कर्ज काढून नव्या घोड्या आणत, आणि राजाची पागा मात्र छान भरत होती.

पवनराज वाजतगाजत आला. गळ्यात हार, पाठीवर मखमली झूल, पुढे सनई. गावाने भिजवलेले हरभरे आणि गूळ पुढे केला. त्याने तो चघळला, समोर बांधलेल्या घोड्यांकडे पाठ फिरवली आणि डोळे मिटले.

"झालं," पवनराजाची निगा राखणारा मोतद्दार बहिर्जी म्हणाला. "सगळ्या घोड्यांचं भाग्य उजळलं."

"अवो, त्यानं आमच्या मैनेकडं बघितलंसुदिक न्हाई," हौसा म्हणाली. ही बाळोजी शेतकऱ्याची लेक.

"राजाच्या घोड्याला बघावं लागत नाही," बहिर्जीने तिला समजावलं.

बाळोजी एका पायाने अधू होता. त्याचं शेत टेकडीवर, आणि तिथवर त्याला मैनाच घेऊन जायची. त्या रात्री त्याने भाकरीचं ताट बाजूला सारलं. "हौसे, मैना गेली म्हंजी मी घरातच बसलो बघ. आन शेत पडीक."

"मैना कुटं जात न्हाई, आबा," हौसा म्हणाली. तिला राजाचा भयंकर राग आला होता. रागात तिचं डोकं जरा जास्तच चालायचं.

बंदी नर घोड्यांना होती. गाढवांना बंदी करायची राजाची छाती झाली नाही, कारण मग अर्धा दरबार सीमेपार गेला असता. गावात सखा कुंभाराचा एक गाढव होता. त्याला ना हार, ना सनई, पण अंगात भलताच उत्साह. दुसऱ्या दिवशी हौसा मैनेला घेऊन कुंभारवाड्यात गेली आणि म्हणाली, "सखाकाका, तुमचा गाढव चार दिस आमच्या मैनेसंगं चरू दे."

वर्ष सरलं. गावातल्या बाकीच्या घोड्या तशाच रिकाम्या राहिल्या आणि दोरीला दोरी बांधून पागेकडे निघाल्या. त्यांच्या मागोमाग हौसा मैनेला घेऊन थेट दरबारात शिरली. मैनेच्या पोटाशी बिलगून एक पिल्लू चालत होतं.

"मुजरा, महाराज. पवनराजांचं शिंगरू आणलंया."

राजाचा चेहरा फुलला. "बघा! उगीच लोक कुजबुजत होते. आणा, जवळ आणा त्याला."

पिल्लू जवळ आलं. त्याच्या डोक्यावर दोन लांबलचक कान उभे होते.

"कान जरा..." राजा अडखळला.

"मोठे कान हे राजलक्षण असतं, महाराज," प्रधानजी घाईने म्हणाले. "प्रजेचं गाऱ्हाणं लांबून ऐकू येतं."

तेवढ्यात पिल्लाने मान वर केली आणि असा काही सूर लावला की सनईवाल्याने कान झाकले.

राजा ताडकन उठला. "हे तर खेचर आहे! याचा बाप गाढव आहे!"

"अगाई," हौसाने गालावर हात ठेवला. "महाराज, पवनराजांना असं बोलायची माझी तरी छाती न्हाई. तुम्ही धनी, तुम्ही बोला."

"मी पवनराजाला नाही बोललो. हे त्याचं नाहीच!"

"मंग दवंडी खोटी? दरीतलं परत्येक शिंगरू त्येंचंच, असं तुम्हीच सांगितलं. शंका घेतली तर राजाचा अपमान. आता तुमीच तुमचा अपमान केलासा, तर शिक्षा कुणाला करायची?"

प्रधानजी आपल्या पायांकडे पाहू लागले. राजा मैनेकडे पाहत राहिला, मग पिल्लाकडे, मग दाराशी झुलीत डुलक्या घेणाऱ्या पवनराजाकडे.

"म्हणजे घोड्या वांझ नव्हत्या," तो हळूच म्हणाला.

"न्हाई, महाराज. पवनराज म्हातारं झाल्यात. समद्या गावाला ठावं हाय, दरबारालाबी ठावं हाय. पर तुमाला सांगाया एकबी माणूस धजंना, म्हणून मला खेचर आणावं लागलं."

राजाचे ओठ आधी थरथरले, मग खांदे, आणि मग तो असा हसत सुटला की डोक्यावरचा मंदिल डोळ्यांवर आला. राजाच हसतोय म्हटल्यावर प्रधानजीही हसले, आणि सगळ्यांत जोरात हसले.

"पोरी, हरलो. काय हवं ते माग," राजा डोळे पुसत म्हणाला.

"गावच्या समद्या घोड्या सोडा, म्हाताऱ्या पवनराजांना निवांत चरू द्या, आन गावाला एक तरणा घोडा द्या."

"दिला. पागेतला कुठला हवा? सूर्यतेज, रणकेसरी, विजयध्वज..."

"नाव नसलं तरी चालंल, महाराज. जागा असला म्हंजी झालं."

राजा पुन्हा हसला, आणि संध्याकाळच्या आत सगळ्या घोड्या गावात परतल्या.